भावजींच्या हातचं पाणी

सायखेड्याच्या आमच्या आत्याच्या तोंडात 'पाणी' हा शब्द सारखा असायचा, आणि दर वेळी त्याचा अर्थ निराळा. विळा बोथट झाला की, "लोहाराकडून पाणी देऊन आण." माणूस लेचापेचा निघाला की, "त्याच्यात पाणीच नाय." एकदा मी शहाणपणानं सांगितलं, "आत्या, हा शब्द मूळ संस्कृतातला, पानीय. म्हणजे पिण्याजोगं." ती फणकारली, "पिण्याजोगं? आमच्या भावजींना इचार!"

भावजी म्हणजे तिचा धाकटा दीर. विहीर दोघा भावांच्या सामाईकीची, पाणी पाळीनं. आतोबा गेले आणि तेरावं व्हायच्या आत या महाभागानं मोटारीच्या पेटीला कुलूप ठोकलं. वर म्हणतो कसा, "वहिनी, एकट्या बाईला शेती झेपायची नाय. हिश्शावर पाणी सोडा."

"पाणी दान देताना सोडतात, भावजी, हातावर घेऊन," आत्या म्हणाली. "म्या दान नाय केलं. तुम्ही चोरलं." त्या उन्हाळ्यात तिची मेथी डोळ्यांदेखत जळाली. बांधावर उभी राहून तिनं सगळ्या भावकीला ऐकवलं, "तुमच्या हातच्या पाण्याचा थेंब माझ्या तोंडात जायचा नाय. मरताना बी नाय."

आणि पाळलं हो! पुढं तिनं स्वतःचं बोअर घेतलं, नाशिकच्या बाजारात भाजी विकली, पण राग तसूभर उतरला नाही. भावजींच्या मुलाच्या लग्नात त्यांनी तांब्या पुढं केला, तर ही भर उन्हात हापशाकडं चालती झाली. लोक समजावायचे, "झालं गेलं गंगेला मिळालं." ती म्हणायची, "तुमचं मिळालं आसंल. माझं नाय."

यंदा ती गेली. शेवटच्या दिवशी भावजी काठी टेकत आले. वाटीत रामकुंडाचं पाणी, वर तुळशीचं पान. "वहिनी, एवढं घ्या. माझ्या जिवाला शांती मिळंल."

म्हणजे शांतीसुद्धा ह्यांनाच हवी!

आत्यानं डोळे उघडले, त्यांना ओळखलं आणि दात घट्ट आवळले. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. मग तिनं मान माझ्याकडं वळवली आणि तोंड उघडलं. मी माठातलं पाणी चमच्यानं पाजलं. तिनं ते गिळलं.

भावजी हुंदके देत होते. बायका म्हणाल्या, "आगं, त्यांना बी एक चमचा घालू दे." मी त्यांच्याकडं पाठ करून, आत्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले, ती जाईपर्यंत.

भावकीत आता म्हणतात, भाची आत्यावर गेली.

गेलेच आहे!