एक पाय पायरीवर

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. देवरीच्या बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीत ती एकदाच भेटली. रोवण्याचे दिवस होते. लोकांच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धान रोवून परतणाऱ्या बायांची ती म्होरकी. लुगडं पोटरीपर्यंत खोचलेलं, पायांवर चिखल वाळलेला. टीव्हीवर बायांच्या रग्बीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा चालू होती आणि आपल्या पोरी खेळत होत्या. टपरीवाला क्रिकेट लावायला निघाला, तर तिनं त्याच्या हातातला रिमोटच काढून घेतला.

"काऊन जी," तिनं मला विचारलं, "ह्या पोरी चेंडू मांगंच काऊन फेकून राह्यल्या?"

"हातानं पुढं फेकायचा नाही, असा नियमच आहे."

ती मांडीवर थाप मारून हसली.

तेवढ्यात गोंदियाची बस लागली. टीव्हीवरची नजर न हलवता तिनं एकीला पिटाळलं, "जाय व, एक पाय पायरीवर ठेवून उभी राह्य!" कंडक्टर घंटीवर घंटी मारत होता, पण ती बाई काही पाय काढेना. अगदी शेवटी आपल्या एका पोरीनं धावत जाऊन चेंडू रेषेपार टेकवला आणि गुण मिळवले. टपरीत एकच कल्ला झाला. सामना संपला, तशा साऱ्या जणी बसकडे धावल्या. मीही धावलो.

"जिंकल्या काय?" कंडक्टरनं वैतागून विचारलं.

"नाही जी, हारल्या."

"मंग इतका आनंद कायले?"

"अवो भाऊ, रोवणा मांगं मांगं सरकतच करा लागते," सीटवर गाठोडं टाकत ती म्हणाली. "पन बांधी पुरी होतेच नं!"