रुमालाखालची बटणं

माझी आत्या बालवाडीत शिकवायची. लग्न केलं नाही, आमच्याच घरी राहिली, आणि आयुष्यभर लहान पोरांना एक ते दहा शिकवलं. बाबा तिला चिडवायचे, "ताईचं गणित दहाच्या पुढे गेलंच नाही." ती म्हणायची, "तुझं गेलंय ना पार लाखांपर्यंत? मग दुधाच्या दोन पिशव्या सांगितल्या की एकच कशी आणतोस रे?"

तिची शिकवायची पद्धत मला आधी खुळेपणा वाटायची. चटईवर तीन-चार बटणं ठेवायची, वर रुमाल. पोरं गोल करून बसायची. ती रुमाल उचलायची, लगेच झाकायची. "मोजायचं नाही, नुसतं बघायचं. किती?" तीन म्हणजे तीन असे एका नजरेत दिसले पाहिजेत, मांजर दिसतं तसे, असं तिचं म्हणणं. मग पाच म्हणजे तीन आणि दोन, हे पोरांना आपोआप दिसायला लागतं. आणि कोणी चुकलं तर ती कधीच चूक म्हणायची नाही. "बघू या," म्हणून हात पुढे करायची, आणि पोराने एकेक बटण तिच्या तळहातावर ठेवत मोजायचं.

मागच्या वर्षी तिचे डोळे बिघडले. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, पण हे आतलं होतं. कडेचं दिसायचं, जे सरळ बघायला जाईल तेच पुसलं जायचं. डॉक्टर म्हणाले गेलेलं परत येणार नाही, आहे तेवढं जपू. घरी येऊन ती शांतपणे भाजी निवडायला बसली आणि म्हणाली, "शाळेत कोणी बोलायचं नाही. मला वर्ग सोडायचा नाहीये."

कोण काय बोलणार होतं! तो वर्ग काढून घेतला तर त्या बाईकडे उरतं काय, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी तेव्हा घरीच असायचे, म्हणून मदतनीस म्हणून तिच्याबरोबर जायला लागले. पण खरं सांगते, मदत अशी लागायचीच नाही. पोरांना ती आवाजावरून ओळखायची, बटणं बोटांनी चाचपून ठेवायची, म्हणजे किती ठेवली ते तिला ठाऊकच असायचं.

त्या वर्गात एक मुलगी होती, पोरं तिला हळूबाई म्हणायची. चपला हळू, डबा हळू, बोलणं तर नाहीच. आत्याने तिच्यासाठी किती महिने जीव आटवला असेल! ती ओठ हलवायची पण आवाज यायचा नाही, आणि आत्याला आता ओठही दिसत नव्हते.

मग तपासणीचा दिवस आला. पुढच्या वर्षी वर्ग कोणाकडे द्यायचा ते ठरवायला सुपरवायझर मॅडम आल्या. तशा प्रेमळ होत्या. पोरांबरोबर चटईवरच बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, आज बटणं मी ठेवते हं." म्हणजे किती ठेवली ते आत्याला कळणारच नव्हतं. मी मागे दाराशी उभी, पोरांच्या डोक्यांमुळे मला काही दिसेना. मॅडमनी डब्यातून न मोजताच थोडी बटणं घेऊन ठेवली, रुमाल टाकला आणि त्या फळ्यावरची चित्रं बघायला उठल्या.

आत्याने रुमाल उचलला, झाकला. "किती?"

"चार!" सगळा वर्ग ओरडला.

आणि त्यातच एक बारीक आवाज आला. "पाच."

हळूबाई बोलली होती! मी दारात उडालेच.

आत्याने या वेळी हात पुढे केला नाही. म्हणाली, "चार. शाब्बास." आणि हळूबाईच्या दिशेने, अगदी मायेने, "पुढच्या वेळी नीट बघायचं हं, राजा."

पोरं पाणी प्यायला उठली. मॅडम म्हणाल्या, "छान वर्ग आहे हो तुमचा. पुढच्या वर्षीही तुम्हीच घ्या." संपलं, जिंकलो आम्ही! मी आत्याकडे बघितलं तर ती बटणं गोळा करत होती आणि तिचा हात मध्येच थांबला होता. तळहातावर पाच बटणं होती. एक हिरवं होतं, चटईच्याच रंगाचं.

तिने हळूबाईला जवळ बोलावलं आणि पाचही बटणं तिच्या ओंजळीत ठेवली. "आता सांग बरं, किती?"

हळूबाईने ओंजळीत बघितलं. मग आत्याच्या तोंडाकडे बघितलं.

"चार," ती म्हणाली.

आत्याचा चेहरा असा झाला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. तिने त्या पोरीचा हात हातात घेतला, एकेक बटण स्वतःच्या तळहातावर घेत पाचही मोजली, आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाली, "पाच होती. हिला दिसली. मला दिसली नाहीत." मग मॅडमकडे वळून, "मॅडम, मला खरंच दिसत नाही. बरेच महिने झाले."

घरी येताना मी रस्त्यात भांडले. "काय गरज होती? एका बटणासाठी?"

"बटण गेलं खड्ड्यात," ती म्हणाली. "तिच्या ओंजळीत पाच होती आणि ती चार म्हणाली गं. मी म्हटलं म्हणून."

वर्ग दुसऱ्या बाईंकडे गेला. मॅडम तरी काय करणार. वर्ष संपेपर्यंत मात्र आत्याला ठेवलं, नव्या बाई शेजारी बसायच्या. ती रोज हळूबाईला विचारायची, आणि ती पोरगी रोज आधी बाकीच्यांची तोंडं बघून मग त्यांचंच उत्तर द्यायची. रोज. आत्या रात्री नीट जेवायचीही नाही.

शेवटच्या दिवशी नव्या बाईंनी बटणं ठेवली. रुमाल उचलला, झाकला.

"सहा!" वर्ग ओरडला.

"सात!" हळूबाई म्हणाली. कोणाकडेही न बघता, चक्क मोठ्याने.

सहाच होती. मी स्वतः बघितली होती. पण आत्या इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "बघू या," म्हणत तिने तळहात पुढे केला. हळूबाईने एकेक ठेवायला सुरुवात केली. सहावं ठेवलं, मग चटईवर सातवं शोधलं, रुमाल झटकला, स्वतःचा गुडघाही उचलून बघितला. आत्या हात तसाच पुढे धरून बसली होती, तिला कसली म्हणून घाई नव्हती.