गाडी चालतच घरी येईल

माझ्या गाडीबद्दल ज्याला त्याला काहीतरी बोलायचं असतं. पेट्रोल पंपावरचा विचारतो, केवढ्याची पडली. कॉलनीतले रिकामे लोक विचारतात, या वयात कशाला. नात्यातले तर सरळ मागतात, वरातीला द्या, नवरदेव बसवू. मी म्हणतो, घोडा आणा. मग ते रागावतात. रागावले तर रागावले, लग्नाचं जेवण एक कमी होते, दुसरं काय.

गाडी लाल आहे. दोन दारं, दोनच सीट, लांब नाक, आणि जमिनीला इतकी टेकलेली की बसताना माणसाला वाटते आपण पाटावर बसलो. दिवे बोनेटच्या आत झोपून असतात, बटन दाबलं की वर येतात. तिचं वय पंचवीसच्या वर आहे. पळायसाठी बनवलेली गाडी आहे ती, आणि मी तिच्यात बसून रोज अमरावतीहून भातकुलीला कामाला जातो अन् संध्याकाळी परत येतो.

ती मला अकोल्यात मिळाली, जठारपेठेत, एका डॉक्टरच्या टिनाच्या शेडमध्ये. डॉक्टर वर्षातून एकदा ताडपत्री काढायचा, गाडी पुसायचा आणि पुन्हा झाकून ठेवायचा. असल्या माणसांची मला चीड येते. चालायची वस्तू झाकून ठेवायची आणि पाहुण्यांना कोपरा उचलून दाखवायची. व्यवहार झाल्यावर तो म्हणाला, "जपून वापरा हां. रविवारी-रविवारी काढत जा."

मी म्हटलं, "सोमवारपासून काढतो."

मी चौथीपर्यंत शिकलो. भातकुलीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं माझं वर्कशॉप आहे. सारं आयुष्य ओझं वाहणाऱ्या गाड्या बनवण्यात गेलं. ही गाडी काहीच वाहत नाही. मागं एक पिशवी ठेवली तर दुसरी मांडीवर घ्यावी लागते. म्हणूनच घेतली. हे मी कोणाला सांगत नाही, कारण कोणी नीट विचारतच नाही.

माझ्या पोराला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. तो सरकारी नोकरीत आहे. त्याची स्वतःची गाडी पांढरी, उंच, आणि आतून साबणाच्या वासाची. माझी गाडी पावसाळ्याच्या तोंडाशी दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा दोरीनं ओढत घरी आणावी लागली. कॉलनीतले बायामाणसं गॅलरीत येऊन पाहत होते. दुसऱ्या वेळी पोरगा फाटकातच म्हणाला, "बाबा, लोकं हसून राहिले."

"दात आहेत त्यायले, हसतीन."

"हे पाहा, आता जर का तिसऱ्यांदा ही गाडी घरी ओढत आणा लागली, तर चावी मले द्याची. मी इकून टाकतो. तुमी माह्यासोबत गाडीत येत जा, नाई तर जीपनं जा."

भातकुलीची जीप मला माहीत आहे. तीत माणूस बसत नाही, ठासल्या जातो. चाळीस वर्षं मी ठासून घेतलं. पण पोरानं सगळ्यांसमोर अट घातली होती, आणि शब्द द्यायला मी कधी मागं सरत नाही. म्हटलं, "दिली चावी. पण गाडी चालत घरी आली तर पुन्हा तोंड उघडाचं नाई."

तो म्हणाला, "नाई उघडत."

दोन महिने गाडी नीट चालली. मग उडदाचे दिवस आले.

आमच्याकडं मूग-उडीद निघाला की लोक तो डांबरी रस्त्यावर पसरतात. वेल-शेंगांसकट. दोन्ही बाजूंना दगड लावतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी त्यावरून जावं अशी अपेक्षा असते. बस जाते, ट्रॅक्टर जाते, शेंगा फुटतात, दाणे खाली पडतात, मळणी फुकटात होते. वरून जाणं म्हणजे मदत. हात जोडून कोणी सांगत नाही, पण समजायचं असते.

भातकुलीच्या अलीकडं एका बाईनं अर्धा रस्ता अडवून उडीद टाकला होता. बाई माझ्याच वयाची असेल. शेत रस्त्याला लागून, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक झोपडी, झोपडीवर पंचशीलाचा झेंडा. ती सावलीत बसून राहायची आणि गाडी गेली की दाताळ्यानं वेल खालवर करायची. माझ्या गाडीचं पोट जमिनीपासून वीतभरही नाही. वरून गेलो तर सगळे वेल पोटाखाली गुंडाळले जातील. म्हणून मी समोरची बाजू मोकळी असली तर तिकडून जायचो, नाहीतर मुरमात उतरून, कडेकडेनं, आणि तिच्याकडं न पाहता. दोन-तीन दिवस असं चाललं.

चौथ्या दिवशी मी मुरमात उतरलो तर ती दाताळं घेऊन आडवी आली.

"ओ बुढेबाबा. सारे वरून जातेत. तुमीच काहून बाजूनं जाता?"

मी काच खाली केली नाही. हातानंच सांगितलं, सरका.

ती सरकली नाही. वाकून आत पाहिलं, आणि म्हणाली, "आमच्या उडदानं गाडी बाटते काय तुमची?"

हा शब्द मला म्हणाली. मला. माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली. त्याच्या आधी आमच्या लोकांना बाजूनं जा म्हणायचे, विहिरीच्या बाजूनं, देवळाच्या बाजूनं, वाड्याच्या बाजूनं. तो शब्द मी लहानपणी जेवढा ऐकला तेवढा माझ्या पोरानं ऐकला नाही. आणि आता एक बाई, आमच्याच झेंड्याखालची, मला तसं म्हणणाऱ्या लोकांत बसवत होती. फक्त गाडी लाल आहे आणि काच बंद आहे म्हणून.

दोन वाक्यांत सांगता आलं असतं. बाई, गाडी खाली आहे, वेल अडकतात. पण ज्यानं मला तसलं काही म्हटलं त्याला मी समजावून सांगत बसत नाही. मी गाडी मागं घेतली, रस्त्यावर चढवली आणि सरळ उडदावरून घातली. सावकाश नाही. चांगली घातली.

दगडांच्या पलीकडं निघालो तेव्हा खालून खसखस आवाज येत होता, जसं कोणी पाला भरलेलं पोतं ओढत आहे. थोडं पुढं गेलो तर जळका वास आला. सायलेन्सरचा पाइप तापलेला असतो आणि वेल चार दिवस उन्हात वाळलेले. बोनेटच्या फटीतून धूर निघाला. मी गाडी बंद केली, चावी काढली आणि बाहेर पडलो. बाहेर पडायलाही त्या गाडीतून वेळ लागतो, आधी एक पाय, मग हात, मग उरलेला माणूस.

बाई धावत आली. तिच्या हातात दाताळं होतं. तिनं काही विचारलं नाही, खाली वाकून जळते वेल ओढायला लागली. मी नालीतला चिखल हातानं उचलून मारत होतो. ती ओरडली, "हातानं काय खेळून राहिले, तिथी घमेलं आहे, घ्या ना." घेतलं. चार-पाच घमेली चिखल पोटाखाली अन् बोनेटमध्ये घातला तेव्हा ते विझलं. गाडीचं लाल नाक काळं झालं होतं आणि आमच्या दोघांच्या अंगावर नाली होती.

ती म्हणाली, "माहा उडीद जाळला."

मी म्हटलं, "तुह्या उडदानं माही गाडी जाळली."

"तुमाले कोनं सांगतलं होतं वरून जा म्हणून?"

"तूच सांगतलं."

"मी काहून जात नाई असं इचारलं. जा कुठी म्हटलं?"

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि गाडीखाली पाहिलं. "एवढं खाली पोट आहे तर सांगाचं होतं. तोंड नाई काय?"

"तू बाटते म्हणाली. आमाले म्हणाली. आमी कोन आहो माहीत आहे काय? तुह्या झोपडीवर जो झेंडा आहे तोच आमच्या घरावर आहे."

तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. मला वाटलं आता बरं बोलेल. म्हणाली, "मंग तर अजूनच अक्कल पाह्यजे होती."

वर्कशॉपवर फोन केला, माझ्या माणसानं ट्रॅक्टर आणला आणि गाडी ओढून भातकुलीला नेली. घरी नाही, भातकुलीला. जाताना बाई उरलेला उडीद राखेतून वेगळा करत बसली होती. तिनं मान वर केली नाही आणि मीही हात केला नाही.

गाडीचे वायर जळले होते, पाण्याचा एक पाइप फुटला होता आणि रेडिएटरच्या पंख्याची मोटर वितळून गोळा झाली होती. पाइप ट्रॅक्टरचा बसवला. वायर ट्रॉलीच्या लायटीचे ओढले. पंखा भातकुलीत मिळत नाही, अमरावतीत मिळत नाही, अकोल्याला भंगारात शोधावा लागणार होता. पंख्याशिवाय गाडी चालते, पण चालली तरच. वारा लागतो तोवर ठीक, थांबली की पाणी उकळते.

मी घरी गेलो नाही. वर्कशॉपमध्येच खाटेवर राहिलो. दुसऱ्या दिवशी पोरगा आपली पांढरी गाडी घेऊन आला. धुळीला शिव्या देत उतरला.

"चाला घरी."

"गाडी झाली की येतो."

"ओढत नेली ना ट्रॅक्टरनं? मंग झालं. चावी द्या."

"घरी नेली काय? घरी ओढत आणली तर म्हटलं होतं."

"बाबा, तुमी गाडीपायी घर सोडून इथं ग्रीसमंदी झोपून राहिले. लोकं मले इचारते, बाप कुठं आहे. काय सांगू?"

"सांग, कामावर आहे."

"बसा गाडीत. मी पाया पडतो."

"पड."

तो पडला नाही. खाटेवर जेवणाचा डबा ठेवला आणि गेला. डब्यात वांग्याची भाजी होती, तिखट कमी. पोरापायी घरात तिखट कमीच असते. पण खाल्ली.

तीन-चार दिवसांनी रविवारी दुपारी निघालो. दुपारी यासाठी की रस्त्यावर गर्दी नसते. मनात एकच हिशोब, थांबायचं नाही. बाईच्या शेतापाशी आलो तर रस्त्यावरचा उडीद उचललेला होता, ती सुपानं पाखडत होती. मला पाहून तिनं हात वर केला, थांबा म्हणून. काहीतरी द्यायचं होतं की बोलायचं होतं, ते तिलाच माहीत. थांबलो असतो तर इंजिन तापलं असतं. मी तसाच निघून गेलो. ती काय समजली असेल ते समजो. तिला समज करून घ्यायची घाई फार.

अमरावतीत बाहेरच्या रस्त्यानं आलो, सिग्नल टाळत. एका ठिकाणी म्हशी आडव्या आल्या तेव्हा त्यांच्या मधून काढली. घराच्या फाटकाशी पोहोचलो तर फाटक उघडं, आणि आत माझ्या जागेवर त्याची पांढरी गाडी आडवी लावलेली. ही जागा चार दिवसांत त्यानं आपली करून टाकली होती. मी हॉर्न दिला. तो बनियनवर बाहेर आला, हातात चहाचा कप.

"गाडी काढ."

"काढतो ना, चहा तर पिऊ द्या."

त्याला पंख्याचं माहीत होतं. माझ्या वर्कशॉपवरच्या माणसाशी तो बोलला असणार. तो पायरीवर उभा राहून चहा पीत होता, फुंकर मारून, एक-एक घोट, आणि माझ्याकडं नाही तर माझ्या बोनेटकडं पाहत होता. आत तापमानाचा काटा चढत होता. कॉलनीतले गॅलरीत आले. बंद पडली असती तर आत ढकलत न्यावी लागली असती, आणि ढकलणं म्हणजे ओढणंच, असं तो म्हणाला असता.

मी गिअर टाकला आणि गाडी फाटकात घातली. त्याच्या गाडीला टेकायच्या आत थांबलो. पुढची चाकं आमच्या फरशीवर, मागची रस्त्यावर. त्याच वेळी बोनेटमधून वाफ निघाली आणि इंजिन बंद पडलं.

पोरगा खाली आला. गाडीभोवती फिरला. म्हणाला, "अर्धी बाहेर आहे."

"चालत आली."

"अर्धी."

"पुढचं तोंड आत आहे. माणूस घरात आला का नाई हे तोंडावरून पाह्यतेत."

"आता हे ढकलून घ्या लागते आत. हो की नाई? मंग चावी."

"हात लावाचा नाई. कोनीच हात लावाचा नाई."

मी दार लावलं, चावी खिशात घातली आणि आत जाऊन आंघोळ केली. गाडी फाटकात तशीच राहिली. फाटक लागत नव्हतं. आणि त्याची गाडी आत होती, माझ्या गाडीमुळं अडकलेली.

सोमवारी त्याला साडेनऊला ऑफिसात हजर व्हायचं असते. मी दहाला निघतो. तो तयार होऊन आला, फाटकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी पेपर वाचत होतो. मला वाचायला वेळ लागतो, मी एक-एक ओळ बोटानं वाचतो. तो म्हणाला, "बाबा, काढता काय?"

"दहाले."

त्यानं ऑटो बोलावला आणि गेला. दहाला मी पाणी भरलं, चावी लावली. गार इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मागं घेतली, फाटक ओढून घेतलं आणि भातकुलीला गेलो.

संध्याकाळी आलो तेव्हा त्याची गाडी बाहेर रस्त्यावर, कडुनिंबाखाली उभी होती आणि आत जागा रिकामी होती. त्यानं चावीचं नाव काढलं नाही. मीही जागेबद्दल काही बोललो नाही. तेव्हापासून त्याची गाडी तिथंच लागते. कावळे तिच्यावर घाण करतात. करोत.