पन्नास अधिक वीस

शेजारच्या गाळ्याकडे न बघता बसणं, एवढी एकच गोष्ट सार्तिनीला जमत नसे. बाकी तिला काय येत नव्हतं? बाटिकचं कापड चिमटीत धरून ती सांगायची, हातचं काम आहे की यंत्राचं. गिऱ्हाइकाची चप्पल बघून ओळखायची, बाई किती घासाघीस करणार. जाव्यातल्या सोलो शहराच्या क्लेवेर बाजारात तिच्या आईपासूनचा हा गाळा, आणि तिच्या आवाजाला गर्दी वळते असं गाळ्यांची सगळी ओळ मान्य करायची.

पण शेजारी रेत्नो होती. ही रेत्नो पूर्वी सार्तिनीकडेच घड्या घालायला होती. 'आता शेवटचं सांगते' हे किती वेळा म्हणायचं, हेसुद्धा तिने इथेच उचललं, आणि लग्न झाल्यावर नेमका बाजूचाच गाळा घेतला. ती अजूनही सार्तिनीला 'यू', म्हणजे ताई, म्हणायची. त्या हाकेतला गोडवाच सार्तिनीला जास्त झोंबे.

उपासाचा महिना जवळ आला होता. सार्तिनीचं सगळं भांडवल घरात घालायच्या बाटिक झग्यांच्या दोन गाठोड्यांत अडकलं होतं. ती खपली तरच ईदचा नवा माल उचलता येणार. नाहीतर ऐन हंगामात रिकाम्या फळ्या. अन् झगे तर जागचे हलत नव्हते, कारण रेत्नोने पाटी लावली होती: ५०% + २०%. तिथे बायकांची झुंबड.

"सत्तर टक्के सूट!" घरी आल्या आल्या सार्तिनी नवऱ्यावर उखडली. "झग्यावर किमतीची चिठ्ठी लाख रुपियांची, म्हणजे तीस हजाराला झगा! ठोकवाल्या हाजींकडून आम्ही दोघी पस्तीस हजाराला उचलतो. हिला काय हाजी फुकट देतात?"

गियार्तो पारव्याच्या पिंजऱ्यात दाणे टाकत होता. "अगं, तिलाच विचार की."

"मी? तिला? माझ्या गाळ्यात दोरे वेचणारीला?"

"मग दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय ते हुंगू नकोस."

"तुमचं बरंय. तुमच्या पारव्याला शेजारीण नाही!"

रेत्नोचं हाजींशी काहीतरी साटंलोटं आहे, याची तिला खात्रीच पटली. रेत्नोची नवी सोन्याची बांगडी आठवली, तिने आणलेला पंखा आठवला. पंख्याचा वारा आपल्याही गाळ्यात येतो, हे मात्र आठवलं नाही. शेवटी तिने गियार्तोकडून पुठ्ठ्यावर मोठ्ठे आकडे काढून घेतले: सरळ ७०%. अधिक नाही, उणे नाही. चार बायका वळल्या की पाटी उतरवायची. नगामागे पाच हजारांचा तोटा तोवर सोसायचा. तिच्या नाकावर टिच्चून.

सकाळी पाटी टांगून ती पाठमोरी फळी झटकत होती, तेवढ्यात आवाज आला, "भवानी झाली का?"

"कुठली, अजून आत्ताच तर..." म्हणत ती वळली. समोर रेत्नो.

"मग माझ्या हातची होऊ दे, यू. ही दोन्ही गाठोडी द्या."

या बाजारात भवानीचं गिऱ्हाईक कुणी माघारी धाडत नाही. धाडलं, तर दिवसभर गाळ्याकडे कुत्रंही फिरकत नाही म्हणतात. समोरची म्हातारी बू वागिराह मान उंचावून बघतच होती.

"दोन्ही? करायचेत काय तुला एवढे?"

"आवडले."

"एखादा घे की. भवानीला एक पुरतो."

"पाटीवर एकच लिहिलंय का?"

"दे गं बाई," बू वागिराह ओरडली. "भवानीला कुरकुर करून साऱ्या ओळीवर अवदसा आणू नकोस!"

सार्तिनीने तीस हजारांच्या भावाने पैसे घेतले. रीतीप्रमाणे नोटा रिकाम्या झालेल्या फळीवरून फिरवल्या आणि "खपो, खपो" पुटपुटली. खपायला उरलं होतंच काय!

थोड्याच वेळात तेच झगे शेजारी डुलू लागले. पहिली बाई आली. "किती?"

"चाळीस हजार."

"चाळीस? सत्तर टक्के ना?"

"नाही हो. आधी निम्मे, पन्नास. मग त्या पन्नासातले वीस टक्के, म्हणजे दहा. राहिले चाळीस."

सार्तिनी स्टुलावर बसून बोटं मोजू लागली. म्हणजे साटंलोटं नव्हतं, फुकटचा माल नव्हता. ती पाटी आपण जळफळाटाच्या उजेडात वाचली होती. आणि आता आपलाच माल, नगामागे दहा हजार नफ्याने, डोळ्यांदेखत चालला होता.

इतक्यात सायकलरिक्षावाला न्गादिरान दोन पाहुण्या बायकांना घेऊन आला. त्यांनी एकेक झगा घेतला आणि रेत्नोने गुपचूप त्याच्या हातात आठ हजार ठेवले.

"हे कसले?" सार्तिनीने तिथूनच विचारलं.

"दलाली, यू. गिऱ्हाईक आणेल त्याला दहा टक्के."

सार्तिनी उठली. पाटी खाली उतरवली, पदरासारखी ओढणी खांद्यावर टाकली आणि वाटेच्या मधोमध उभी राहिली. "या हो, या! हाताला लोण्यासारखं कापड! माझ्या पारखीचा माल, या इकडे!" गर्दी रेत्नोच्या गाळ्याकडे वळली. वळणारच.

"यू, हे काय?" रेत्नो हसू दाबत म्हणाली.

"दलाली. मला पंधरा टक्के."

"न्गादिरानला दहा देते मी."

"न्गादिरानने तुला धंदा शिकवला का? पंधरा. नाहीतर आत्ता ओरडून सांगते, हे झगे सकाळी तीसला होते."

"घ्या, पंधरा!" रेत्नोने हात जोडले.

दुपारपर्यंत सार्तिनीचा घसा बसला. झगे निम्म्याहून जास्त गेले होते. मनातल्या मनात तिने हिशोब घातला: तीस आधीचे, सहा दलालीचे, छत्तीस. खरेदी पस्तीसची. म्हणजे उरलेलेही खपले की भांडवल सुटणार, वर नगामागे एक हजार. ईदचा माल येणार. बरं वाटायला हरकत नव्हती.

पण तिने पुढचाही हिशोब घातलाच. चाळिसातून तीस गेले, सहा गेले. रेत्नोला चार.

"चार!" ती बू वागिराहला म्हणाली. "घसा माझा, माल माझा, आणि हिला चार?"

"गप, चहा पी," म्हातारी म्हणाली. "पंख्याखाली बस जरा."

"तिच्या पंख्याखाली? मेले तरी नाही," सार्तिनी म्हणाली, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला हाक मारायला वळली.