काजवे पाठ होते

काजव्याचा उजेड मी लातूरला भाड्याच्या खोलीत पाठ केला. म्हणजे पाठ करायचा होता लेकीला. पण ती जेवत असताना प्रश्न विचारायचं काम माझ्याकडं, त्यामुळं झाला तो माझाच. ल्युसिफेरीन, ल्युसिफेरेज, ऑक्सिजन. उष्णता जवळजवळ नाहीच, म्हणून थंड प्रकाश. दहावी नापास बाईच्या तोंडात ही नावं बसली यात कौतुकाचं काही नाही. दोन वर्षं आम्हा मायलेकींना दुसरं काही बोलायलाच नव्हतं.

मेडिकलच्या क्लासला पोर, तिच्यासोबत आई आणि गावाकडं एकटा नवरा, अशीच त्या गल्लीत घरोघरची मांडणी होती. जिन्यात बायका भेटल्या की भाजी काय केली हे विचारायच्या आधी टेस्टमध्ये किती पडले हे विचारायच्या. मी इस्लापूरजवळच्या खेड्यातली, जन्मभर शेतात राबलेली. इथं कुकर लावायचा, डबा भरायचा आणि लेक वाचत बसली की भांड्याचा आवाज नको म्हणून गप पडून राहायचं. एवढ्याशा कामानं मी इतकी थकायचे, की माझी मलाच लाज वाटायची.

दुसऱ्यांदा परीक्षा देऊन आम्ही मे महिन्यात गावी आलो. पेपर बरा गेला नव्हता. तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. घरमालकिणीला मात्र मी खोली ठेवा म्हणून सांगून आले होते.

एका संध्याकाळी नवरा म्हणाला, मळ्यात चला, घरात उकडून मराल. जेवणं उरकून आम्ही नाल्याकाठी बाज टाकली. अंधार पडला तसे बांधावरच्या गवतातून काजवे निघाले. आधी एखाददुसरा, मग बघता बघता जांभळीचं झाड खालपासून वरपर्यंत लुकलुकायला लागलं. मी सवयीनं विचारलं, कशामुळं चमकतो? नवरा म्हणाला, इथं तरी सोड तिला.

मग लेक आपणहूनच सांगायला लागली. चमकत उडतात ते नर. मादी खाली गवतात बसलेली असते. तिला पसंत पडला तर तीही चमकून उत्तर देते, नाही तर तशीच अंधारात बसून राहते. अळी होऊन कित्येक महिने मातीत काढायचे आणि पंख फुटले की हातात राहतात थोडे आठवडे. काही जाती तर तेवढ्या दिवसांत खातसुद्धा नाहीत.

"हे पेपरात कधीच न्हाई आलं," ती म्हणाली. मग त्याच आवाजात, "आई, मला परत लातूरला न्हाई जायचं."

नवरा उठून बसला. माझ्याजवळ वाक्यं तयार होती. इतकं केलंस, आणखी एकच वर्ष, लोक काय म्हणतील. सगळी जिन्यातल्या बायकांकडून ऐकलेली. त्यातलं एकही बोलायचं त्राण माझ्या अंगात नव्हतं.

"मलाबी न्हाई जायचं गं," मी म्हणाले. "पहिल्याच वर्षी कटाळले होते मी."

ती माझ्याकडं वळली. अंधारात तिचं तोंड नीट दिसत नव्हतं.

"मग बोलली काहून न्हाईस?" ती म्हणाली. "मला वाटलं तुलाच लई हौस हाय. म्हणून तर दुसऱ्यांदा बसले मी."