राखून ठेवलेला निकाल

वॉर्डमधून फोन आला तेव्हा मी पुढच्या खोलीत चादर घालत होते. बर्मिंगहॅमच्या माझ्या घरात, सोफा भिंतीला ढकलून केलेल्या जागेत, आदल्या आठवड्यात दोन माणसं हॉस्पिटलातल्यासारखा बेड बसवून गेली होती. एक बटण दाबलं की डोकं वर, दुसरं दाबलं की पाय वर. वसू आज ना उद्या डिस्चार्ज होऊन माझ्याकडे येणार होती. चादरीचा एक कोपरा खोचायचा राहिला होता आणि फोन वाजला. सिस्टर फार हळुवार आवाजात बोलायला लागली आणि मला कळलंच. सगळा जन्म मी स्वतः त्याच आवाजात लोकांच्या घरी फोन केलेत... "कधी?" एवढंच विचारलं. फोन ठेवला आणि तो राहिलेला कोपरा खोचला. का खोचला, ते मला विचारू नका.

वसुधा देवस्थळी माझी साताऱ्याच्या शाळेतली मैत्रीण, एका बाकावरची. मी डॉक्टर होऊन इकडे आले, ती लग्न करून अमेरिकेला गेली. तिथे पुण्याची वकिलीची पदवी कुणी विचारेना, म्हणून कायदा पुन्हा पहिल्यापासून शिकली. वकील परवडत नाही अशा आरोपींचे खटले वर्षानुवर्षं लढवले आणि पन्नाशी उलटल्यावर तिथल्या एका राज्याच्या अपील कोर्टाची न्यायाधीश म्हणून निवडून आली. 'निवडून आली' हे मी मुद्दाम लिहितेय. आमच्या इथल्या गणपतीत मी हे सांगितलं की लोक मला दुरुस्त करायचे. "निवड झाली म्हणा, नलिनीताई. जज काय निवडून येतो?" येतो. तिथे येतो. घरोघरी जाऊन मत मागतो, जत्रेत हात मिळवतो, चर्चच्या तळघरात कागदी प्लेटमधून पॅनकेक खातो आणि मग काळा झगा घालून निःपक्षपातीपणे बसतो. मला तरी हा प्रकार पहिल्यापासून विचित्र वाटत आला. तसं मी वसूला तोंडावर सांगितलं होतं.

तिच्या पहिल्या प्रचाराला मी रजा काढून गेले होते. मक्याच्या शेतांमधून मैलोन् मैल गाडी चालवायची, एखाद्या गावात थांबायचं, आणि वसू लोकांपुढे हात करून सांगायची, मी तुमची होऊ घातलेली जज. लोक विचारत, गुन्हेगारांना सोडणार नाही ना? त्यावर तिला काही बोलता यायचं नाही. उद्या कोर्टात काय येईल त्याबद्दल आज शब्द द्यायचा नाही, असा नियम. "म्हणजे काहीच कबूल करायचं नाही आणि तरी मत मागायचं?" मी म्हटलं. "हो," ती म्हणाली, "आपल्याकडे मुलगी दाखवायचे ना, तसं. हसायचं, चहा द्यायचा." प्रचाराचं काम बघणाऱ्या पोराने तिचं आडनाव निम्मं कापलं होतं, कारण देवस्थळी फलकावर मावेना. ती झाली जज देव. लोकांच्या अंगणात गवतात खोचायचे ते फलक गठ्ठ्यांनी गाडीत असायचे. मी एक घरी आणला. संत्र्याच्या रंगाचा, आणि त्यावर देव. माझ्या नवऱ्याने तो काही दिवस देवघराशेजारी लावून ठेवला होता, चावट माणूस.

ती जिंकली. त्यानंतर तिथली रीत अशी की दर काही वर्षांनी लोकांना फक्त एकच विचारायचं, या जजला ठेवायचं की नाही? समोर उमेदवार नाही, वाद नाही, नुसतं हो किंवा नाही. वसू म्हणायची, कामवाल्या बाईबद्दल विचारतात तसं विचारतात गं. तेव्हाचे फलक वेगळे होते, 'कीप जज देव'. त्या वर्षी मतदानाआधी तिकडे तुफान पाऊस झाला, सगळी अंगणं भरली. तिचा फोन आला, "नलू, शब्दशः देव पाण्यात ठेवून बसलेय." आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो. तिच्या त्या हसण्यात काही खोटं होतं, असं मला तेव्हा जाणवलं नाही. आता फोन आठवला की कान टवकारून ऐकते आणि तरीही जाणवत नाही.

नवरा गेल्यावर आणि कोर्टातून निवृत्त झाल्यावर ती इकडे आली. मुलगी इरा केंब्रिजला संशोधन करते, पण तिचा फ्लॅट काडेपेटीएवढा. वसूने माझ्यापासून दोन बसस्टॉपवर घर घेतलं. मला वाटलं होतं, म्हातारपण मजेत जाईल, दोघी मिळून लोकांना नावं ठेवू. पण आलेली वसू वेगळी होती. तिला थांबणं म्हणून सहन व्हायचं नाही. माझा डबा नेला की त्याच संध्याकाळी घासून परत. मेसेज आला की उत्तर लगेच, भाजी कढईत करपली तरी चालेल. मी चिडायचे. "अगं, उद्या दे की." ती म्हणायची, "उद्या नको." मला वाटायचं, अमेरिकेची घाई अंगात मुरलीय.

स्कॅनचा रिपोर्ट आला त्या दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. मी पोहे केले होते. रिपोर्ट मी वाचला आणि पुढे काय ते मला कळलं, मला कळल्याचं तिलाही कळलं. ती म्हणाली, "नलू, मला एक निकाल हवाय. तुझ्याकडून." आणि मग तिने ते सांगितलं.

'देव पाण्यात'वाल्या वर्षी तिच्यापुढे एक अपील होतं. साठीचा माणूस, खुनासाठी जन्मठेप. साक्षीदाराने पोलिसांना पहिल्यांदा काहीतरी वेगळंच सांगितलं होतं आणि ते सरकारी पक्षाने दडवलं होतं, हे वर आलं. तिघा न्यायाधीशांचं एकमत होतं, त्याला सोडायचं. निकाल लिहायचं काम वसूकडे. उन्हाळ्यात तो लिहून तयार होता. पण मतदान पानगळीच्या दिवसांत. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका जजला तसाच निकाल दिल्यावर टीव्हीवर जाहिराती करून धुऊन काढलं होतं, 'खुन्यांची मैत्रीण' म्हणून. वसूने स्वतःला सांगितलं, एक तळटीप अजून तपासायची आहे. ती तळटीप ती तीन महिने तपासत होती. "मी निकाल राखून ठेवला," ती म्हणाली. हा आपल्या कोर्टांचा शब्द. आपल्याकडे पोळीही राखून ठेवतात, मागाहून येणाऱ्यासाठी. तो माणूस मतदानाच्या आधीच तुरुंगाच्या दवाखान्यात हृदय बंद पडून गेला. अपील करणाराच उरला नाही, म्हणून अपील निकालात निघालं. तयार निकाल कधी बाहेरच आला नाही. आणि लोकांनी वसूला ठेवलं, भरघोस मतांनी. कुणी बोट दाखवलं नाही, कारण तिने नियम एकही मोडला नव्हता.

"इराला सांगितलं," ती म्हणाली. "ती म्हणते, आई, तुझी चूक नाही, सिस्टिमची आहे. सगळे हेच म्हणतील. तू नाही म्हणणार. तू डॉक्टर आहेस. सांग, बाहेर असता तर वाचला असता?"

पोहे गार होत होते. मी तिला तपशील विचारले, वय, आधीचे झटके, औषधं. जसं कुठल्याही पेशंटबद्दल विचारीन तसं. मग म्हटलं, "वाचला नसता बहुतेक." तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. तिथे थांबायला हवं होतं का? पण माझा स्वभाव... आणि तिने कधी नव्हे ते काहीतरी मागितलं होतं माझ्याकडे. मी पुढचं वाक्य बोलले. "वाचला नसता, वसू. पण घरी गेला असता."

ती म्हणाली, "हं. हेच." आणि गार झालेले पोहे सगळे खाल्ले, खोबऱ्यासकट. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी आपल्याशी नीट बोललं, असं तिला वाटलं असावं. मला तेव्हा स्वतःचा थोडा अभिमानच वाटला.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. शेवटी तिला ॲडमिट केलं. करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा माझ्या घरी न्यायचं ठरलं. बेड आला. पण घरी येणाऱ्या नर्सची मंजुरी कुणाच्या तरी सहीसाठी अडली. आज होईल, सोमवारी होईल. मी आयुष्य या हॉस्पिटलांत काढलंय, मला सगळी दारं माहीत, सगळी ठोठावली. एका कोवळ्या नर्सवर खेकसले, तिचा बिचारीचा काही दोष नव्हता. शेवटच्या भेटीत वसूने विचारलं, "कशासाठी अडलंय?" मी म्हटलं, "सही." ती हसली. खरंच हसली, शाळेतल्यासारखी. "म्हणजे माझा निकाल राखून ठेवलाय."

मला हसू आलं नाही. म्हटलं, "काहीतरी बोलू नकोस. उद्या तुला घरी नेते."

"नलू, हे बरोबरच आहे," ती म्हणाली. शांतपणे, जजसारखी. "तूच म्हणालीस ना, तो घरी गेला असता."

मी संतापले. मी निकाल दिला होता गं, शिक्षा सुनावली नव्हती. शिक्षा तिने स्वतःच लिहून घेतली, आणि त्यात माझं वाक्य शब्दन् शब्द वापरलं. हे मी तिला म्हणू शकले नाही. पडद्याच्या पलीकडे जेवणाची ट्रॉली खडखडत होती. मी तिचे पाय चेपत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

आता येता-जाता लोक समजूत घालतात. वय झालं होतं, सुटली, म्हणतात. मीही असंच काहीबाही बोलून गेले असते त्या दुपारी, तर काय बिघडलं असतं? माझं म्हणणं खरं होतं. आजही खरंच आहे. आणि तरी मला ते फिरवायचंय, आणि कुठे जाऊ? अपील करणारीच उरली नाही.

पुढच्या खोलीत बेड तसाच आहे, चारी कोपरे खोचलेला. वसूच्या घरातून इराने आणलेला 'कीप जज देव'चा फलक भिंतीला टेकवून ठेवलाय. दुसरीकडे कुठे ठेवायचा ते सुचलं नाही. बेड न्यायला फोन करा म्हणून पत्र येऊन पडलंय. मी अजून केलेला नाही. परवा इराचा फोन आला. तिचं मराठी तिकडचं, मोडकंतोडकं. "मावशी, ती बेड परत गेली का?"

"नाही गं," मी म्हटलं. "राखून ठेवलाय."

"कोणासाठी?" तिने विचारलं.