खुर्दचं बुद्रुक

“बाई, टँकर गेला कुठं?”

साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं. मी तिसऱ्यांदा टेलिफोनच्या बोर्डाकडे बोट दाखवलं. म्हणजे, लाईन खराब. तोंड उघडायची सोयच नव्हती. डाव्या गालात लवंगेच्या तेलाचा बोळा आणि बाहेरून गाल टम्म.

लातूर जिल्हा नवाकोरा होता आणि दुष्काळही जोरात होता. मी कलेक्टर कचेरीच्या टंचाई शाखेत टेलिफोन ऑपरेटर. कंधारहून आलेली, मॅट्रिक पास, अतिशहाणी. काम सोपं होतं. आज टँकर कुठल्या गावाला, ते तहसिलीला फोनवर सांगायचं. तिकडच्यानं गावाचं नाव परत म्हणायचं, मी ‘बरोबर’ म्हणायचं. याला आम्ही रिपीट घेणं म्हणायचो.

आपल्याकडे एकाच नावाची दोन गावं असली की मोठं ते बुद्रुक, धाकटं ते खुर्द. औसा तालुक्यात अशी दोन सावरगावं होती. खुर्दची विहीर आटलेली. दर तीन दिवसांनी टँकर येऊन त्या विहिरीत पाणी ओतायचा, त्यावर गाव जगायचं. एक पाळी चुकली की सरळ सहा दिवस. आणि त्या दिवशी पाणी पडलं बुद्रुकच्या विहिरीत. बुद्रुकवाले कशाला नको म्हणतात? खुर्दच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन औशाला तहसिलीत येऊन बसल्या होत्या.

साहेबांनी स्वतः फोन घेतला. पलीकडे शेखभाऊ, तहसिलीतले रोजंदारीवरचे कारकून. त्यांचा आवाज मला शेजारी ऐकू येत होता.

“साहेब, म्या इचारलं की बाईला, बुद्रुक ना म्हून? बाई हं म्हनल्या. इथं बाया मला खाऊन राहिल्यात.”

साहेब माझ्याकडे वळले. “म्हणा, सावरगाव खुर्द.”

“आवग्गाव हुद्द.”

“पुन्हा.”

“आवग्गाव हुद्द.”

साहेबांनी डोळे मिटले. मग फोनवर सावकाश, अक्षर अक्षर सोडवून सांगितलं, “खुर्द. खु, र्द. दुसरी खेप तिकडं वळवा. मी लाईनवर थांबतो.” निघाल्याचा निरोप येईपर्यंत ते खरंच थांबले. दिवेलागणीला खुर्दच्या विहिरीत पाणी पडलं.

बोळ्याखालची ती दाढ महिनाभर ठणकत होती. झोप नाही, घास चावता येईना. उदगीर मागणाऱ्याला मी अहमदपूर जोडून द्यायची आणि वर त्याच्यावरच खेकसायची. पण डॉक्टरकडे जाईन तर शपथ. सासूबाईंनी सांगितलं होतं, दाढ उपटली की नजर जाते. मला ते पटलं. मॅट्रिक होते ना. त्यापेक्षा दिवसातून चारदा मिश्री लावायची. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. घटकाभर बधिर व्हायचं, तेवढ्यात मी स्वतःला वैद्य समजायची.

साहेबांनी त्याच संध्याकाळी मला शिपायाबरोबर दातांच्या डॉक्टरकडे धाडलं. पळून जाईन म्हणून शिपाई.

“नजर जाईल म्हणून भिता ना?” डॉक्टरीणबाईंनी आ करायला लावून विचारलं. “ती वरच्या दाढेनं जाते म्हणतात. तुमची तर खालची आहे.”

“खालच्यानं काय जातं?”

“दुखणं जातं. आणि वरच्यानंही तेवढंच जातं.”

मग म्हणाल्या, महिन्यापूर्वी आला असता तर नुसतं सिमेंट भरून भागलं असतं. मिश्रीनं दुखणं कळेनासं होतं, कीड आत चरतच राहते. आता खाली पू झालाय. दाढ काढली. वाटीत ठण्णकन पडली, तेव्हा तिच्यापेक्षा मीच जास्त कुजकी वाटले मला.

दुसऱ्या दिवशी कळलं की नोटीस शेखभाऊंच्या नावानं निघतेय. रोजंदारीचा माणूस, घरीच बसवला असता. ‘लाईन सदोष’ एवढं मी लिहिलं असतं तरी दोघंही सुटलो असतो. मन तिकडंच धावत होतं. पण मग लाईन तपासायला माणूस आला असता आणि दोष मात्र माझ्या जबड्यात. वैतागून खुलासा लिहिला: ‘दाढ दुखत असल्याने तोंड न उघडता चुकीचा होकार दिला. शेख यांची चूक नाही.’ टंकलेखक दोन दिवस हसत होता.

मला लेखी ताकीद मिळाली. शेखभाऊंची नोटीस थांबली. आणि साहेबांनी फर्मान काढलं, रिपीट घेताना ‘हं’ चालणार नाही, गावाचं पूर्ण नाव उच्चारावं.

चार दिवसांनी शेखभाऊंचा फोन आला. “बाई, आता साफ ऐकू येऊन राहिलं. पर तुमी लई बोलायला लागल्या बघा.”

ज्या तोंडावर पगार मिळत होता ते मी कधी डॉक्टरला दाखवलं नव्हतं. बोर्डाची मात्र दर महिन्याला तपासणी. आता वर्षातून एकदा दाखवते. या वयातही एकोणीस दात उरलेत, ते त्यामुळेच.